सलमानियातील तबकड्या

इस्राएलला येताना आमच्या पिढीने मुंबईहून काय काय आणले याची यादी केली, तर तीत पुरणयंत्र सापडेल, पाटा-वरवंटाही सापडेल. ग्रामोफोनच्या तबकड्या मात्र क्वचितच. लाखेची तबकडी वजनाने जड आणि काचेसारखी ठिसूळ. आमच्या घरची भरलेली पेटी आम्ही शेजाऱ्यांस देऊन निघालो. ती पेटी आम्हांस पुन्हा आठवली ती बहरीनमध्ये.

2020 च्या करारानंतर बहरीनला जाणे शक्य झाले. मनामा शहरातील सलमानिया हा भाग तेथील मोठ्या रुग्णालयामुळे प्रसिद्ध आहे. तेथे राहणाऱ्या एका मराठी स्नेह्यांनी शब्बाथ सुटल्यावर आम्हांस घरी बोलाविले. त्यांच्याकडे नियम असा, की प्रत्येकाने आपली आवडती तबकडी लावावी आणि ती का आवडते तेही सांगावे.

यजमानांनी आरंभ केला तो 1951 सालच्या ‘अलबेला’ने. त्यांच्या मते मराठी माणसास जॅझची गोडी लावली ती सी. रामचंद्रांनी. त्यांच्या साथीस होते हळदोण्याचे अँटोनियो वाझ ऊर्फ चिक चॉकलेट, ज्यांना लोक मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. एका पाहुण्यांना हे मान्य नव्हते. चित्रपटातला जॅझ म्हणजे साखर घातलेली कॉफी, असे म्हणून त्यांनी टेडी वेदरफोर्डचे पियानोवादन लावले. हा अमेरिकन वादक मुंबईच्या ताजमध्ये वाजवीत असे. 1945 साली तो कलकत्त्यात वारला. आमचे मत विचाराल तर आम्हांस साखर चालते.

आमची पाळी आली तेव्हा आम्ही युरोपीय अभिजात संगीताकडे वळलो आणि झुबिन मेहतांच्या हाताखालील इस्राएल फिलहार्मोनिकची तबकडी मागितली. ओघाने वॉल्टर कॉफमन यांचा विषय निघाला. बोहेमियातले हे यहुदी संगीतकार 1934 साली मुंबईस आले. आकाशवाणीची जी धून ऐकत आपण शाळेची तयारी करीत असू, ती त्यांचीच. हे ऐकून यजमानीणबाई चकित झाल्या.

शेवटी शेजारचे एक वृद्ध अरब गृहस्थ बोलले. प्रथम त्यांनी मुहर्रकच्या मुहम्मद बिन फारिस यांचे ‘सौत’ गायन ऐकविले. मग सलीमा मुराद यांचे एक इराकी गीत लावून ते म्हणाले, “हे लोकगीत, कर्ता अज्ञात.”

आम्ही क्षणभर घुटमळलो. पाहुण्याने परक्या घरी वाद घालावा काय? परंतु गीताचे संगीतकार अज्ञात नव्हते. ते सालेह अल-कुवैती. सलीमाबाईंप्रमाणेच तेही यहुदी. भाऊ दाऊद यांच्यासह ते 1951 साली इस्राएलला आले आणि पुढे दोघांनी तेल अवीवच्या हातिक्वा वस्तीत भांड्यांचे दुकान चालविले. 1970 च्या दशकात इराकी नभोवाणीने त्यांची नावे गाळली. गाणी मात्र वाजत राहिली. एवढे आम्ही सांगितले.

गृहस्थ बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “माझ्या वडिलांना हे नाव ठाऊक होते. मी लहान असताना ते घेत असत.”

दाऊद यांचे नातू दुदू तासा यांनी 2011 साली ही गाणी नव्याने गायिली, हे कळताच त्यांनी ती ध्वनिमुद्रिका मागितली. आम्ही ती पाठविली आहे. मग त्यांनी सलीमाबाईंची तबकडी पुन्हा पहिल्यापासून लावली. मध्ये एका चिरेवर सुई अडकत होती. तेवढ्यापुरते ते बोटाने ती पुढे सरकवीत.