आजीचा आवाज गेला कुठे?

दिवाळीचा बोनस हातात पडला आणि मी सेकंडहँड स्टुडिओ मॉनिटरची जोडी घरी आणली. अ‍ॅम्प्लिफायर आतच असलेले, एकदम दणदणीत स्पीकर! आता घरच्यांवर इम्प्रेशन मारायचं तर पहिलं काय वाजवायचं? बाबांनी कपाटातून एक कॅसेट काढली. 1986 साली काकाच्या साध्या मोनो टेपरेकॉर्डरवर भरलेल्या आजीच्या ओव्या. आजी जाऊन 19 वर्षं झाली. तिचा आवाज आता तेवढ्या एका कॅसेटवरच उरलाय.

जुना डेक काढला. त्याच्या हेडफोनच्या सॉकेटमधून एका स्पीकरला वायर जोडली. दोन्हीकडे तीच जाडी पिन, फिट्ट बसली. प्ले दाबलं आणि... नुसती खरखर! मधूनच एखादा पुसट सुस्कारा, बस्स. बाबांनी कॅसेट उलटीपालटी करून पाहिली. "गेली वाटतं गं टेप. राहू दे," म्हणाले आणि आत निघून गेले.

मला झोप येईना. दुसऱ्या दिवशी आमच्या सोसायटीच्या गणपतीत साउंड लावणाऱ्या दादांना बोलावलं. त्यांनी पिन बघितली आणि हसलेच. "ताई, आधी डेकला हेडफोन लावून ऐका." लावला. कानात आजी! खणखणीत, जात्याच्या घरघरीसकट!

"टेपला काही झालेलं नाही," दादा म्हणाले. "तुमची वायर आजीतून आजी वजा करतेय."

म्हणजे काय? तर या स्पीकरचं इनपुट 'बॅलन्स्ड' असतं. त्याच्या केबलमध्ये अर्थ सोडून दोन तारा. एकीतून सिग्नल सरळ जातो, दुसरीतून तोच उलटा, म्हणजे प्लसचा मायनस करून. वाटेत विजेच्या वायरींची गुणगुण दोन्ही तारांत सारखीच शिरते. शेवटी स्पीकर पहिल्यातून दुसरा वजा करतो. गुणगुण वजा गुणगुण, शून्य! सिग्नल मात्र उलट्यातून सुलटा होऊन दुप्पट मिळतो. म्हणूनच स्टेजवरच्या माइकची केबल लांबलचक असली तरी आवाज स्वच्छ येतो.

घोळ होतो तो पिनमुळे. हेडफोनची स्टिरिओ पिनही तशीच तीन भागांची, पण तिच्या टोकावर डावा चॅनल आणि मधल्या कड्यावर उजवा. स्पीकरला हे काय ठाऊक! तो डाव्यातून उजवा वजा करून मोकळा. मोनो रेकॉर्डिंगमध्ये आजी दोन्हीकडे सारखीच, म्हणून ती गायब. टेपची खरखर दोन्हीकडे वेगवेगळी, म्हणून ती शिल्लक! स्टिरिओ गाणं असं लावलंत तर बहुतेक वेळा गायक गायब होतो आणि वाद्यं वाजत राहतात, कारण गायकाचा आवाज सहसा मधोमध, म्हणजे दोन्ही चॅनलमध्ये सारखा ठेवलेला असतो.

उपाय? एका बाजूला स्टिरिओ पिन आणि दुसऱ्या बाजूला दोन मोनो पिना असलेली वायर. डावा चॅनल डाव्या स्पीकरला, उजवा उजव्याला. झालं काम!

तुमच्या घरी हे तपासा

साध्या स्पीकरची लाल तार दोन्ही टोकांना लालवरच आहे ना? एकाच स्पीकरची उलटी लागली तर एकाचा पडदा बाहेर येताना दुसऱ्याचा आत जातो. बास पातळ होतो आणि गायक मधोमध न राहता खोलीभर विरघळतो. शंका आली तर एकाच स्पीकरच्या तारा अदलाबदल करून ऐका, पण अ‍ॅम्प्लिफायर बंद करून मगच हात घाला.

तीन पिनांची एक्सएलआर केबल असेल तर 1 नंबर अर्थ, 2 प्लस, 3 मायनस. ऑडिओ इंजिनीअरिंग सोसायटीचं 1992 चं मानक हेच सांगतं. त्याआधीच्या काही यंत्रांत मात्र 3 नंबर प्लस असायचा. जुनं सेकंडहँड घेताना मागची पट्टी वाचा.

आणि बॅलन्स्ड केबलवर उगाच पैसे उडवू नका. डेक आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच टेबलावर असतील तर साधी आरसीए वायर बहुतेकदा पुरते.

संध्याकाळी नवी वायर लावली. आजी हॉलमध्ये गायला लागली तसे बाबा आतून आले आणि उभ्याउभ्याच अख्खी बाजू ऐकली. त्याच रात्री मी ती टेप लॅपटॉपवर उतरवली, दोन ठिकाणी कॉपी ठेवली.

तेव्हा नवे स्पीकर घ्यायच्या आधी वायर बघा. जुनी कॅसेट टाकायच्या आधी तर नक्कीच!