विहाराची पायरी आणि चाकांची खुर्ची

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडून होता आणि त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले. दोघांनी मिळून त्याला न्हाऊ घातले, उचलून मंचकावर निजविले आणि मग भिक्खूसंघाला एकमेकांच्या शुश्रूषेची शिकवण दिली. करुणा हातांनी करावयाची असते, हेच या प्रसंगातून आपल्याला कळते.

आपण दाराचे मोल जाणणारी माणसे आहोत. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तो दारासाठीच होता. आज आपल्या विहाराचे दार सर्वांना उघडे आहे. परंतु अर्धांगवायू झालेले आजोबा, पोलिओमुळे पाय गमावलेला विद्यार्थी, अपघातात कंबर निकामी झालेला तरुण यांच्यापुढे दाराआधी तीन पायऱ्या उभ्या असतात. मग चौघे जण त्यांना खुर्चीसकट उचलतात. उचलणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण ज्याला उचलतात त्याला प्रत्येक वेळी ओशाळे वाटते. पुढच्या वेळी तो म्हणतो, “मी घरीच बरा.” पडण्याची भीती असते ती वेगळीच.

यावर एक साधा उपाय आहे. तो म्हणजे हलविता येणारा रॅम्प, अर्थात उचलून नेता येईल असा उतार. आपल्या गोंदियाच्या लोकांना त्याचे नवल वाटू नये. राईस मिलवर ट्रकला फळी लावून हमाल पोती वर चढवितात, ती फळी म्हणजे रॅम्पच. मात्र हमालाच्या फळीवरून चाकांची खुर्ची नेता येत नाही. का नेता येत नाही, हे समजले की रॅम्प कसा निवडावा हेही समजते.

पहिली गोष्ट : चढ

सर्वमान्य प्रमाण एकास बारा असे आहे. एक इंच उंचीसाठी बारा इंच, म्हणजे एक फूट लांबी. त्यामुळे हिशेब तोंडपाठ राहतो : जितके इंच उंची, तितके फूट रॅम्प. सहा इंचांच्या एका पायरीला सहा फूट, बारा इंचांच्या दोन पायऱ्यांना बारा फूट. या चढावर हातात बळ असलेला माणूस स्वतः खुर्ची चालवू शकतो. मागून ढकलणारा सशक्त मदतनीस असेल तर उत्पादक एकास सहापर्यंतही मुभा देतात. पण तो चढ खरोखरच उभा वाटतो आणि ढकलणाऱ्याचा कस लागतो. अठरा इंचांच्या ओट्याला सहा फुटांची फळी लावली तर प्रमाण एकास चार होते. तेथे खुर्ची मागे उलटू शकते, म्हणून तसे कधीही करू नये.

उंची मोजताना प्रत्येक पायरी मोजून बेरीज करू नये, कारण अंगण सपाट नसते. एक सरळ लांब पट्टी ओट्यावरून बाहेर धरावी, तिच्यावर गवंड्याची पाणसळ ठेवून ती समपातळीत आणावी आणि रॅम्पचे टोक जेथे टेकणार तेथे पट्टीपासून जमिनीपर्यंत मोजावे. ती खरी उंची होय.

दुसरी गोष्ट : प्रकार

खोलीच्या उंबरठ्यासाठी पाचरीच्या आकाराचा छोटा तुकडा पुरतो. तो लाकडाचाही चालतो. एक-दोन पायऱ्यांसाठी मधोमध दुमडून पेटीसारखा हातात धरता येणारा ॲल्युमिनियमचा रॅम्प सोयीचा असतो. तिसरा प्रकार म्हणजे दोन सुट्या पन्हाळी, एकेका बाजूच्या चाकांसाठी एकेक. त्या हलक्या असतात. पण त्या घेताना एक पाहावे. आपल्याकडे पुष्कळांजवळ हाताने चालविण्याची तीनचाकी सायकल असते. तिचे पुढचे एकटे चाक दोन पन्हाळींच्या मधल्या पोकळीत जाते. म्हणून समाजासाठी रॅम्प घ्यावयाचा तर सलग पृष्ठभागाचाच घ्यावा आणि रुंदी ठरविण्यापूर्वी गावातील सर्वांत रुंद सायकल मोजून पाहावी.

वजनाचा हिशेब करताना केवळ माणूस धरू नये. माणूस ६५ किलो, खुर्ची १८ किलो, ढकलणारा ६० किलो, म्हणजे १४३ किलो झाले. विजेवर चालणारी खुर्ची याहून पुष्कळ जड असते. २५० ते ३०० किलो पेलणारा रॅम्प घेतला तर चिंता राहत नाही.

बाजारात मिळाला नाही तर गावातील वेल्डिंगवाला करून देऊ शकतो. अँगलची चौकट, वर ठसे असलेला जाड पत्रा, चाक घसरू नये म्हणून दोन्ही कडांना दोन इंचांची उभी पट्टी, ओट्यावर नीट टेकेल असे चार इंचांचे वरचे ओठ आणि ते अडकविण्यासाठी दोन आकडे. लोखंडी रॅम्प जड होतो, तो दोघांनी उचलावा लागतो. म्हणून मध्ये बिजागरी ठेवावी. जाड प्लायवूडचा करावयाचा असल्यास खालून आडव्या पट्ट्या द्याव्यात, आणि रंग ओला असतानाच वर बारीक रेती भुरभुरावी. आपल्याकडे धानाला लागणारा पाऊस भरपूर पडतो, तेव्हा गुळगुळीत पृष्ठभाग घात करतो.

तिसरी गोष्ट : वापर

रॅम्प लावताना खालचे टोक चिखलात टेकवू नये, त्याखाली फरशी ठेवावी. वरचे ओठ पूर्ण टेकले आहे, आकडे अडकले आहेत आणि रॅम्प डुगडुगत नाही हे पाहावे. प्रथम रिकामी खुर्ची न्यावी, मग तांदळाच्या पंचवीस किलोच्या तीन पिशव्या ठेवून न्यावी, त्यानंतरच माणूस बसवावा.

खुर्चीवरील व्यक्तीला विचारल्याशिवाय खुर्चीला हात लावू नये. ती खुर्ची म्हणजे तिचे पाय आहेत. चढताना व्यक्तीचे तोंड वरच्या बाजूस आणि मदतनीस मागे. उतरतानाही तसेच ठेवावे : खुर्ची उलटी फिरवून मदतनीसाने खालच्या बाजूने मागे पाहत सावकाश उतरावे. व्यक्ती पुढे कलंडत नाही आणि भार मदतनीसाच्या अंगावर राहतो. चढ उभा असल्यास दुसऱ्या माणसाने समोर उभे राहावे. मध्येच थांबून ब्रेकवर विसंबू नये. वर पोहोचल्यावर वळण्यासाठी पाच फूट लांब-रुंद मोकळी जागा हवी, म्हणून दारातल्या चपला बाजूला ठेवाव्यात. मे महिन्यात ॲल्युमिनियमचा पत्रा तापतो, त्यावर अनवाणी चालू नये.

हंगामी आणि कायमचे

हलता रॅम्प एक-दोन पायऱ्यांचा सोबती आहे. विहाराचा ओटा अठरा इंचांचा असेल तर अठरा फूट उतार लागतो. तेथे सिमेंटचा कायमचाच बांधावा : रुंदी निदान चार फूट, दोन्ही बाजूंना कठडा, आणि जागा अपुरी असल्यास मध्ये पाच फुटांचा सपाट विसावा देऊन वळवावा.

ही कोणाची मेहेरबानी नव्हे. भारतीय राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदात अपंगत्वाच्या प्रसंगी साहाय्याचे तत्त्व आहे. १९९५ च्या कायद्याची जागा घेणारा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले. विशेष म्हणजे सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत धार्मिक कार्यासाठी लोक वापरतात त्या इमारतीही येतात. म्हणजे आपले विहारही आले. बँकांच्या एटीएमला रॅम्प असावा, असे रिझर्व्ह बँकेने २००९ सालीच कळविले आहे. तरीही नोव्हेंबर महिन्यात हयातीच्या दाखल्यासाठी आलेले पेन्शनर पायरीपाशी थांबलेले मी पाहतो. नियम कागदावर असतो, तो मागावा लागतो. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी, असा राज्य शासनाचा नियम आहे. ग्रामसभेत त्यातून रॅम्पची मागणी जरूर करावी.

सरते शेवटी एक सूचना. मंगल परिणय असो की पुण्यानुमोदन, समाजाची मोठी भांडी आणि सतरंज्या आपण वहीत नोंद करून घरोघरी देतो. त्याच वहीत आणखी एक ओळ वाढवावी : सहा फुटांचा रॅम्प, नग एक. दवाखान्यातून घरी आलेल्या रुग्णाला तो महिनाभर मिळावा, आणि पौर्णिमेला तो परत विहाराच्या पायरीला लागावा. विद्यार्थी मित्रांनी पुढच्या रविवारी टेप घेऊन आपल्या वस्तीतील विहार, शाळा, दवाखाना आणि समाजमंदिर यांच्या पायऱ्या मोजून आणाव्यात. जितके इंच, तितके फूट, एवढे गणित सर्वांना येते. वंदनेला बसलेल्या ओळीत चाकांच्या खुर्चीलाही जागा असेल, तेव्हा समता हा शब्द आपण खऱ्या अर्थाने उच्चारला असे होईल.

नमो बुद्धाय! जय भीम!