धनुष्याची टोके कशी वळवतात?

कोरडी लाकडी पट्टी गुडघ्यावर वाकवली तर कडकन मोडते. मग लाकडी धनुष्याची टोके पुढे, म्हणजे दोरी ओढण्याच्या उलट दिशेला, न मोडता कशी वळवतात?

उत्तर आहे वाफेत! लाकडातील सेल्युलोजच्या चिवट तंतूंना लिग्निन हा पदार्थ एकमेकांशी जखडून ठेवतो. ओलाव्यासह सुमारे १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापले की लिग्निन मऊ पडते. म्हणून कारागीर टोक वाफवतो. इंचभर जाडीला साधारण एक तास, असा ठोकताळा आहे. मग ते लगेच वक्र साच्यावर दाबून शिकंज्यांनी आवळतो. निवल्यावर लिग्निन पुन्हा घट्ट होते, वाक टिकतो.

खरी कसोटी वाकवतानाच असते. वाकाच्या आतल्या बाजूचे तंतू दाबले जातात, बाहेरचे ताणले जातात. वाफवलेले लाकूड दाब पुष्कळ सोसते; पण एकदोन टक्क्यांहून अधिक ताणले की चिरते आणि सारी मेहनत फुकट जाते. म्हणून बाहेरून पोलादी पट्टी घट्ट बसवतात. मिखाएल थोनेट यांच्या १८५९ सालच्या प्रसिद्ध खुर्चीमागे हीच युक्ती होती.

एवढा खटाटोप कशासाठी? दोरी किती ओढली आणि त्यासाठी बल किती लागले, याचा आलेख काढा. त्याखालचे क्षेत्रफळ म्हणजे धनुष्यात साठलेली ऊर्जा. वळलेल्या टोकांमुळे बल सुरुवातीलाच झपाट्याने वाढते. शेवटचे बल तितकेच असूनही क्षेत्रफळ अधिक भरते. टोके हलकी राखली, तर ही जादा ऊर्जा बाणाला मिळते आणि तो अधिक वेगाने सुटतो.