तेरचे लामतुरे आणि त्यांचा संग्रह

बीड जिल्ह्यांतील दिंद्रुडहून दक्षिणेस निघालें आणि बालाघाट ओलांडला, कीं तेरणेच्या कांठीं तेर हें गांव लागतें. गोरोबाकाकांचें गांव म्हणून तें घरोघर ठाऊक आहे. परंतु इसवीसनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक प्रवासवर्णनांत त्याचें नांव ‘तगर’ असें येतें. पैठणहून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर हें नगर असून तेथील जाडेंभरडें कापड व मलमल गाड्यांतून भडोच बंदरास जात असे. तगर म्हणजेच तेर, हें फ्लीट यांनीं १९०१ च्या सुमारास दाखवून दिलें.

विद्वानांनीं नांव ओळखलें. वस्तु मात्र मातींतच होत्या. आपल्याकडे जुन्या वस्तीच्या मातीला पांढर म्हणतात. घराच्या धाब्यावर घालावयास ती उत्तम, म्हणून लोक ती खणून नेतात, आणि तिच्याबरोबर मणी, नाणीं, भाजलेल्या मातीच्या मूर्ति बाहेर पडतात. त्या फेंकल्या जातात, नाहींतर परगांवीं विकल्या जातात. हें थांबविण्याचें काम रामलिंगप्पा लामतुरे या तेरच्याच व्यापाऱ्यानें अंगावर घेतलें. त्यांनीं एकेक वस्तु मिळवून हजारोंचा संग्रह केला व तो पुढें सरकारच्या स्वाधीन केला. आज तेरचें शासकीय संग्रहालय त्यांच्याच नांवानें ओळखलें जातें. ज्या गांवचा माल एके काळीं भडोचमार्गें समुद्रापार गेला, तेथील व्यापाऱ्यानें हा माल मात्र गांवाबाहेर जाऊं दिला नाहीं!

या संग्रहांतील हस्तिदंती स्त्रीमूर्ति पाहावी. इटलींतील पाँपेई नगर इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडलें गेलें. तेथें १९३८ सालीं जी भारतीय हस्तिदंती मूर्ति सांपडली, तिच्याशीं हिचें साम्य आहे. हीच मूर्ति एखाद्या दूरच्या शहरांत, कोठून आली याचा पत्ता न लागतां, कपाटांत उभी असती, तर शोभेची बाहुली ठरली असती. तेरची म्हणून ती व्यापाराच्या इतिहासाची साक्ष देते.

अर्थात् अशा संग्रहाची एक उणीव मान्य केली पाहिजे. वस्तु कोणत्या थरांत होती, हें खणणाऱ्यानें टिपलेलें नसतें. त्यासाठीं शास्त्रशुद्ध उत्खननच हवें. तें चापेकर यांनीं तेर येथें १९५८ सालीं केलें.

संग्रहालय पाहून झाल्यावर त्रिविक्रमाच्या देवळांत अवश्य जावें. देऊळ विटांचें असून त्याची मागील बाजू अर्धवर्तुळाकार आहे; मूळचें तें बौद्ध चैत्यगृह असावें, असें पुष्कळ अभ्यासक मानतात.