आधी दाणा झाका, मग पिंजरा लावा

रब्बीची ज्वारी खळ्यावरून घरात आली की तिच्या मागोमाग उंदीरही येतात. रान मोकळे झाले, रानातला दाणा संपला, मग ते जाणार कुठे? परभणी, पूर्णा, गंगाखेड, पाथरी, कुठल्याही वस्तीत मार्च महिन्यात आयाबायांची तक्रार एकच असते. पोत्याला भोक पडले, लेकराची वही कुरतडली, रात्रभर पत्र्यावर खुडबुड.

याच महिन्यात, १० मार्चला, आपण सावित्रीमाई फुले यांचा स्मृतिदिन पाळतो. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, पाठोपाठ तो पुण्यात पोचला. माई आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी हडपसरजवळ रुग्णांसाठी उपचाराची सोय केली. रुग्णांची सेवा करतानाच माईंना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. हा रोग उंदराच्या अंगावरची पिसू माणसापर्यंत आणते, हे पॉल लुई सिमाँ या डॉक्टरांनी पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये दाखवून दिले. माईंना जे ज्ञान मिळाले नाही, ते आज आपल्या हाती आहे. ते वापरायचे नाही, तर स्मृतिदिन कशाला पाळायचा?

प्लेग ही फार जुनी गोष्ट, असेही कुणी समजू नये. १९९४ साली आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात, मामला गावात, प्लेगचे रुग्ण निघाले होते. आज प्लेगवर औषध आहे. पण उंदराच्या लघवीतून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस पावसाळ्यात अजूनही माणसे नेतो. नालीच्या पाण्यातून, चिखलातून तो पायाच्या जखमेवाटे शरीरात शिरतो. ताप, पोटऱ्यांत जबर दुखणे, डोळे लाल, लघवी कमी किंवा कावीळ दिसली तर घरी थांबू नका. वेळेत गेले तर तो बरा होतो.

विष सगळ्यात शेवटी, शक्यतो नाहीच

उंदीर दिसला की आपला हात पहिला दुकानातल्या औषधाकडे जातो. आम्हीही एकदा कणकेत औषध कालवून ठेवले. उंदीर छतात मेला, आठवडाभर घरात बसवेना आणि अंगणातल्या दोन कोंबड्या गेल्या. कोंबड्यांवर निभावले. एका खोलीच्या घरात रांगते लेकरू असते, हे विसरू नये.

झिंक फॉस्फाइडची काळी पावडर आणि पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट, या दोन्हींवर उतारा नाही. पेस्ट पोटात गेल्यावर एक-दोन दिवस माणूस बरा वाटतो आणि मग यकृत निकामी होते. म्हणून कुणाच्या पोटात विष गेले तर मीठपाणी पाजून उलटी काढत बसू नका. पाकीट सोबत घ्या आणि थेट जिल्हा रुग्णालय गाठा. घरात उरलेले विष असेल तर आजच कुलपात ठेवा.

पंचशीलाचे काय?

हा प्रश्न विहारात हटकून निघतो. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांतला फरक सांगितला आहे. लेकराचे आरोग्य राखणे ही गरज आहे. तडफडवून मारणे ही गरज नाही. चिकट पाटीवर उंदीर तासन्‌तास तडफडतो, ती टाळावी. आणि खरे सांगायचे तर, जे घर उंदराला दाणा आणि बीळ देत नाही, त्या घरात मारायची वेळच फार थोडी येते.

करायचे काय?

पहिले, दाणा झाका. ज्वारी, डाळ, पीठ झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत किंवा डब्यात ठेवा. पोतेच असेल तर विटांवर फळी टाकून, भिंतीपासून वीतभर दूर ठेवा. रात्री खरकटी भांडी आणि उघडे पाणी ठेवू नका.

दुसरे, वाट बंद करा. करंगळी जाईल एवढ्या भोकातूनही लहान उंदीर आत येतो. नुसत्या मातीने बीळ बुजवले तर तो पुन्हा उकरतो. काचेचे तुकडे घालून वरून सिमेंट भरा. न्हाणीच्या मोरीला बारीक तारेची जाळी बसवा. भिंतीला टेकून ठेवलेला पऱ्हाट्यांचा ढीग दूर हलवा, घूस त्याखालीच घर करते.

तिसरे, पिंजरा. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो आणि भिंतीच्या कडेने चालतो. म्हणून पिंजरा भिंतीलगत ठेवा. दोन-तीन दिवस खटका न लावता आत भजे, सुकट नाहीतर शेंगदाणे ठेवा. त्याला सवय झाली की खटका लावा.

मेलेल्या उंदराला उघडा हात लावू नका. हातात प्लास्टिकची पिशवी घालून उचला, खोल पुरा, साबणाने हात धुवा. लेंड्या कोरड्या झाडू नका. ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने भिजवून मग पुसा. वस्तीत एकाएकी बरेच उंदीर मरून पडले तर आरोग्य केंद्राला लगेच कळवा. उंदीर चावला तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन दवाखान्यात जा.

एका घराचे काम नव्हे

उंदराची मादी तीन आठवड्यांत विते आणि एका वेळी सहा-आठ पिल्ले देते. आपण एकट्याने घर आवळले तर तो शेजारी जातो आणि महिन्याने परत येतो. म्हणून रविवारच्या वंदनेनंतर महिला मंडळाने आणि तरुणांनी एक दिवस ठरवावा. त्या दिवशी गल्लीतली सगळी बिळे एकदम बुजवावीत.

आणि ‘तुमची वस्तीच घाण’ हे बोलणे ऐकून घेऊ नका. नाली तुंबते आणि कचरा उचलला जात नाही, म्हणून उंदीर वाढतो. नाली आणि कचरागाडी हा आपला हक्क आहे. महानगरपालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायत, जी असेल तिथे सर्वांच्या सह्यांचे निवेदन द्या आणि पोच घ्या. घरातले बीळ आपण बुजवू, नालीचे काम त्यांच्याकडून करून घेऊ.

जय भीम!