पोटगीचा हुकूम आणि पोटगीचा पैसा

न्यायालयानें मुलाच्या पोटगीचा आकडा ठरवून दिला म्हणजे माहेरच्या माणसांस वाटतें कीं, एक मोठें काम मार्गीं लागलें. वकिलांची फी चुकती होते, निकालाची नक्कल कपाटांत जाते, आणि मुलगी व नात आतां निदान शाळेच्या खर्चापुरती तरी निर्धास्त झाली, असें घरांतील वडील मंडळी समजून चालतात. पहिला हप्ता येतो, दुसराही येतो. तिसरा अर्धाच येतो, आणि मग कांहींच येईनासें होतें. हुकूम मिळविणें आणि पैसा मिळविणें हीं दोन निरनिराळीं कामें आहेत. पैकीं दुसऱ्याची माहिती आपल्या सुशिक्षित घरांतूनही फार थोडी असते, म्हणून तीच येथें थोड्या विस्तारानें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हें ऋण कायद्यानें नव्यानें निर्माण केलेलें नाहीं. आपल्या जुन्या धर्मशास्त्रांतही अज्ञान मुलाचें पोषण ही बापाची स्वतःची जबाबदारी मानली आहे; मिळकत वाट्यास आली असो वा नसो, तिच्यांतून त्याची सुटका नव्हती. इंग्रजी अमदानींत १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४८८ व्या कलमानें मॅजिस्ट्रेटला ही रक्कम ठरविण्याचा अधिकार होता, पण तिला दरमहाच्या आकड्याची मर्यादा होती. ती १९२३ सालीं शंभर रुपयांवर आली, १९५५ सालीं पांचशेंवर गेली, आणि १९७३ ची नवी संहिता झाली तरी पांचशेंवरच राहिली. कांहीं राज्यांनीं आपल्यापुरती ती वाढविली हें खरें. परंतु मूळ कायद्यांतून ती उठली ती २००१ सालीं. दुधाचे, घरभाड्याचे व शाळेच्या फीचे भाव मधल्या काळांत कोठल्या कोठें गेले, हें वाचकांस आम्हीं सांगावयास नको. १९७३ च्या संहितेंतील तें १२५ वें कलम आतां भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचें १४४ वें कलम झालें आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून अमलांत आली.

आतां मुख्य गोष्ट. हप्ता थकला म्हणजे न्यायालय आपण होऊन चौकशी करीत नाहीं. थकबाकीचा हिशेब मांडून वसुलीचा अर्ज आईलाच करावा लागतो, आणि त्या अर्जाला मुदत आहे. रक्कम ज्या दिवशीं देणें झाली त्या दिवसापासून एक वर्षाच्या आंत अर्ज आला पाहिजे. नाहीं तर त्या रकमेसाठीं वॉरंट निघत नाहीं. उदाहरणार्थ, दरमहा ८,००० रुपयांचा हुकूम आहे आणि चौदा महिने कांहीं आलें नाहीं. देणें १,१२,००० रुपयांचें झालें. परंतु चौदा महिने वाट पाहून जी आई न्यायालयाची पायरी चढते, तिचे पहिल्या दोन महिन्यांचे १६,००० रुपये या मार्गानें वसूल होण्याच्या पलीकडे गेलेले असतात. आमच्या मतें या सबंध विषयांत अत्यंत लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट हीच. ‘थोडें थांबूं, त्याला लाज वाटेल, उगीच पुन्हां कोर्टाची पायरी कशाला’ असें जे वडीलधारे सांगतात त्यांचा हेतु चांगलाच असतो, पण प्रत्येक थांबलेल्या महिन्याची किंमत नातवंड देत असतें. अर्ज एकदां मुदतींत दाखल झाला म्हणजे मात्र तो चालू असतां पुढें जी बाकी सांचेल तीही त्यांत घेतां येते. सर्वोच्च न्यायालयानें २००५ सालीं तसें स्पष्ट केलें आहे.

अर्ज झाल्यावर मॅजिस्ट्रेट किंवा, जेथें कुटुंब न्यायालय आहे तेथें तें न्यायालय, प्रतिपक्षास बोलावून कारण विचारतें. पुरेसें कारण नसेल तर दंड वसूल करण्याच्या रीतीनें थकबाकी वसूल करण्याचें वॉरंट काढतां येतें. ही रीत दुहेरी आहे. एक तर जंगम मालाची जप्ती व विक्री. किंवा जिल्हाधिकाऱ्याकडे वॉरंट पाठवून, शेतसारा थकल्यावर जशी वसुली होते तशी जंगम किंवा स्थावर मिळकतींतून वसुली. गांवाकडील जमिनीच्या भरंवशावर शहरांत निर्धास्त राहणारे कांहीं गृहस्थ असतात. सातबाऱ्यावरचें आपलें नांव या कामींही वाचलें जाऊं शकतें, याची त्यांना कल्पना नसते. माणूस गांव बदलून गेला म्हणूनही हुकूम निकामी होत नाहीं. तो जेथें असेल तेथील मॅजिस्ट्रेटकडून त्याची अंमलबजावणी करून घेतां येते.

वॉरंट बजावूनही रक्कम राहिली तर कैदेची शिक्षा होऊं शकते. प्रत्येक थकलेल्या महिन्यामागें एक महिना कीं एकूण एकच महिना, यावर उच्च न्यायालयांत मतभेद झाले. १९९९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें एका वेळीं महिन्याहून अधिक कैद देतां येत नाहीं, पुढेंही पैसे न दिल्यास आईनें पुन्हां दाद मागावी, असा अर्थ लावला. मध्येंच पैसे भरले तर त्याच दिवशीं सुटका होते. पुष्कळांची समजूत अशी असते कीं, महिनाभर आंत बसून आलें म्हणजे देणें फिटलें. हें साफ चूक आहे. १९८९ सालींच सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें आहे कीं, कैद हें वसुलीचें साधन आहे, तिनें ऋण फिटत नाहीं. तें फक्त पैसे दिल्यानेंच फिटतें. कैदेंतून बाहेर आलेल्या माणसाच्या नांवावर तीच बाकी उभी असते.

नोकरदार बापाच्या बाबतींत याहून सरळ वाट दिवाणी कायद्याची आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमांत पगाराचा कोणता भाग जप्तींतून मोकळा राहील हें सांगितलें आहे. सामान्य कर्जाच्या हुकूमनाम्यांत पहिले हजार रुपये व उरलेल्याचे दोन तृतीयांश मोकळे राहतात; पोटगीच्या हुकूमनाम्यांत मात्र फक्त एक तृतीयांशच मोकळा राहतो. भत्ते बाजूस ठेवून जप्तीस पात्र पगार ४५,००० रुपये धरला, तर सावकारास महिन्याला १४,६६६ रुपयांवर हात घालतां येत नाहीं. मुलाच्या पोटगीसाठीं ३०,००० रुपयांपर्यंत जातां येतें. सावकाराच्या बाकीहून मुलाच्या पोटाचें मोल कायद्यानें इतकें अधिक मानलें आहे. ही जप्ती पगार देणाऱ्या अधिकाऱ्यावर बजावली जाते व तो दरमहा रक्कम कापून न्यायालयांत भरतो, म्हणजे आईला दर महिन्यास त्या गृहस्थाच्या दारीं जावें लागत नाहीं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाच्या कायद्यांतही, मालकानेंच पगारांतील भाग परस्पर स्त्रीस द्यावा, असा हुकूम करण्याची सोय आहे. दिवाणी हुकूमनामा बजावून घेण्याची मुदत बारा वर्षांची आहे, हाही या वाटेचा एक लाभ.

अडचण येते ती ज्यांच्या हातीं पगारपत्रक नाहीं त्यांची. दुकान वडिलांच्या नांवें, मोटार भावाच्या नांवें, राहता फ्लॅट आईच्या नांवें, आणि न्यायालयांत सांगावयाचें कीं मला तर महिन्याला दहा हजार सुटत नाहींत. या लपंडावावर इलाज म्हणून सर्वोच्च न्यायालयानें ४ नोव्हेंबर २०२० रोजीं एक महत्त्वाचा निकाल दिला. खटला आपल्याच प्रांतांतला, नागपूरच्या कुटुंब न्यायालयांतून वर गेलेला. अर्ज २०१३ चा, कुटुंब न्यायालयाचा हुकूम २०१५ चा, उच्च न्यायालयाचा २०१८ चा. तान्ह्या मुलासाठीं मागितलेल्या पोटगीचा वाद संपेपर्यंत तें मूल शाळेंत जाऊं लागलें होतें. या निकालानें दोन्हीं पक्षांनीं आपली मिळकत, उत्पन्न, कर्जें व खर्च यांचें प्रतिज्ञापत्र ठराविक नमुन्यांत दाखल करणें देशभर आवश्यक झालें, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरावी असें ठरलें. पूर्वी कोणी हुकुमाच्या तारखेपासून धरीत, कोणी अर्जाच्या; त्यामुळें खटला लांबविणाऱ्याचाच फायदा होई. आतां लांबविलें तरी बाकी वाढतच जाते.

येथें एकत्र कुटुंबाचा प्रश्न येतो, आणि त्याविषयीं आम्हांला थोडें स्पष्ट बोलावेंसें वाटतें. बेलिफ किंवा पोलीस दारीं आला असतां ‘तो येथें राहत नाहीं’ असें सांगणारी आई, भावाचा वांटा घाईघाईनें आपल्या नांवें करून घेणारा दादा, हे कांहीं दुष्ट लोक नसतात. घरच्या मुलाची अब्रू झांकतों आहोंत असेंच त्यांना वाटत असतें. पण ज्या मुलाच्या तोंडचा घास यामुळें जातो तेंही याच घराचें. त्याची मुंज, त्याचें लग्न, त्याचें आडनांव हीं सर्व आपलीं म्हणावयाचीं आणि त्याच्या वह्यापुस्तकांचा खर्च तेवढा परक्याचा, हा हिशेब आम्हांस समजत नाहीं. शिवाय कायदाही यांत अगदीं आंधळा नाहीं. एकत्र मिळकतींतील मुलाचा अविभक्त हिस्सा जप्त होऊं शकतो. स्थावराच्या उत्पन्नांतून पोटगी मिळण्याचा ज्यांना हक्क आहे त्यांचा हक्क, ती मिळकत फुकट घेणाऱ्याविरुद्ध, किंवा हक्काची माहिती असून विकत घेणाऱ्याविरुद्धही, मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२ च्या कायद्याप्रमाणें चालवितां येतो. बाप हयात असतां आजोबांवर कायद्यानें हा बोजा येत नाहीं हें खरें. परंतु दारीं आलेल्या बेलिफास खरा पत्ता सांगणें एवढें तर कोणत्याही आजोबांना करतां येईल!

एक बाजू बापाचीही आहे. नोकरी सुटते, आजार येतो, धंदा बुडतो. अशा वेळीं गप्प बसून हप्ता बंद करणें ही सर्वांत वाईट रीत. परिस्थिति बदलली म्हणून रक्कम कमी करावी, असा अर्ज करण्याची सोय त्याच कायद्यांत १४६ व्या कलमानें केली आहे. न्यायालयास खोडसाळपणा आणि हतबलता यांतला भेद करावयाचा असतो, आणि जो स्वतः होऊन आला त्याच्याविषयीं तो करणें सोपें जातें. तसेंच मुलास भेटूं देत नाहीं म्हणून पैसे बंद केले, असें सांगणारेही पुष्कळ आढळतात. भेटीचा हक्क स्वतंत्रपणें मागावा. मूल कांहीं भाड्यानें दिलेली खोली नव्हे कीं किल्ली मिळेतों भाडें अडवून धरावें. आईनेंही लक्षांत ठेवावें कीं, घटस्फोटाच्या घाईंत ‘मुलासाठीं पुढें कांहीं मागणार नाहीं’ असें तिनें लिहून दिलें, तरी मुलाचा हक्क तिच्या सहीनें बुडत नाहीं.

परदेशांत यासाठीं निराळीं खातीं आहेत. ऑस्ट्रेलियानें १९८८ सालीं बालपोषणाच्या वसुलीसाठीं सरकारी यंत्रणाच उभारली. अमेरिकेंत १९७५ पासून मध्यवर्ती सरकारच्या मदतीनें राज्यें हें काम करतात; तेथें बहुतेक रक्कम पगारांतूनच कापली जाते, आणि बाकी २,५०० डॉलरांच्या वर गेल्यास पासपोर्टही नाकारला जातो. आपल्याकडे असें खातें नाहीं. प्रत्येक आईला आपली वसुली आपणच करावी लागते, ही या कायद्यांतील खरी उणीव आहे असें आमचें मत आहे.

तें खातें होईल तेव्हां होवो. तोंपर्यंत पैसे रोख हातीं न घेतां बँकेंतूनच घ्यावे, म्हणजे काय आलें व काय राहिलें याचा वाद उरत नाहीं. निकालाची प्रमाणित नक्कल, बँकेचा उतारा, आणि नवऱ्याच्या नोकरीचा अथवा मिळकतीचा जो कांहीं पत्ता असेल तो, एवढे कागद घेऊन तालुक्याच्या न्यायालयांतील विधि सेवा समितीकडे जावें. १९८७ च्या कायद्याप्रमाणें स्त्रिया व मुलें यांना तेथें वकील विनामूल्य मिळतो, आणि त्यासाठीं त्यांच्या उत्पन्नाची अट नाहीं.