परसातला गॅस

काकीचा दिवस गोठ्यातून सुरू व्हायचा. शेणाची पाटी घेऊन ती परसात यायची, टाकीच्या तोंडाशी बांधलेल्या छोट्या हौदात शेण टाकायची, तेवढंच पाणी ओतायची आणि हाताने कालवायची. काठी जवळ असली तरी हातानेच. शेणातली पेंढ्याची काडी, खडा, गवताचं मूळ हाताला लागतं, काठीला लागत नाही. काला भज्यांच्या पिठाइतका सैल झाला की ती हौदाच्या तळाशी कोंबलेला चिंध्यांचा बोळा उपसायची आणि सगळा काला घळघळ करत जमिनीखाली जायचा. मग विहिरीसारख्या गोल टाकीवर तरंगणाऱ्या लोखंडी ड्रमचा दांडा धरून तो अर्धाअर्धा फिरवायची, म्हणजे वर जमलेली साय मोडते. शेवटी ड्रम किती वर आलाय ते बघायचं आणि घरात हाक द्यायची. ‘‘आज ड्रम खाली बसलो हा, भात चुलीर ठेव,’’ ही हाक ऐकू आली की आईचं तोंड उतरायचं.

पावसाळ्यात तर जास्तच. सिंधुदुर्गात जून ते सप्टेंबर कोरडं लाकूड सापडणं कठीण. माळ्यावर रचलेला साठा गणपतीपर्यंत पुरवायचा असतो, आणि ओलं लाकूड पेटवताना घरभर जो धूर होतो, तो आधी स्वयंपाक करणारीच्या डोळ्यांत जातो. अशा दिवसांत गॅसच्या शेगडीवरची ती निळी ज्योत म्हणजे आईच्या डोळ्यांना सुट्टी होती. दिवसाच्या उजेडात ती ज्योत नीट दिसतही नाही. मधूनच ती लुकलुकायला लागली की समजायचं, नळीत वाफेचं पाणी साचलंय. मग नळीच्या सखल जागी बसवलेली चावी सोडून ते पाणी काढून टाकायचं. हे काम माझ्याकडे असे.

गोबर गॅसला मी यंत्र म्हणायला कचरतो. गोठ्यातल्या जनावरांत त्याची गणती केली तरच तो नीट कळतो. त्याला रोज खायला लागतं, वेळेवर लागतं, आणि तो खाल्ल्याइतकंच देतो. टाकीत काम करणारे मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव मुळात गुरांच्या पोटातलेच. ते शेणाबरोबर आयते येतात. त्यांना हवा सोसत नाही, थंडी सोसत नाही, आंबटपणा सोसत नाही. नवी टाकी सुरू करताना शेजारच्या चालू टाकीतला बादलीभर काला आणून घालतात, अगदी दुधाला विरजण लावावं तसं. तरीही पहिल्या दिवसांत येणारा वायू पेटत नाही, कारण त्यात कार्बन डायऑक्साइडच जास्त असतो. माहीत नसलेला माणूस इथेच धीर सोडतो. तो वायू सोडून द्यायचा आणि थांबायचं. टाकी रुळली की वायूत 55 ते 60 टक्के मिथेन येतो आणि शेगडी पेटते.

हिशेब साधा आहे. 1 किलो ताज्या शेणातून साधारण 40 लिटर गॅस मिळतो, म्हणजे 1 घनमीटरला 25 किलो शेण. पाच-सहा माणसांच्या स्वयंपाकाला 2 घनमीटरची टाकी लागते आणि तिला रोज 50 किलो. 1 घनमीटर गॅस म्हणजे सिलिंडरमधला सुमारे 430 ते 450 ग्रॅम गॅस. टाकी पोटभर खाऊन पूर्ण चालली, तर 14.2 किलोचा एक सिलिंडर सोळा-सतरा दिवसांत भरून निघतो. पण गुरं दिवसभर रानात चरायला गेली तर अर्धं शेण रानातच पडतं. पाच जनावरांच्या मालकालाही कधीकधी 50 किलो भरत नाही, ते यामुळे. सिलिंडरची शेगडी या गॅसला चालत नाही, तेही लक्षात ठेवावं. याचं छिद्र मोठं लागतं आणि हवा कमी.

ड्रमच्या टाकीची रचना आपल्याकडे खादी ग्रामोद्योग आयोगाने गावोगाव नेली. तिच्यामागे जशभाई पटेलांची मेहनत होती, त्यांच्या टाकीचं नाव ‘ग्रामलक्ष्मी’. त्याआधी दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाईंनी 1930 च्या दशकात शेणातून गॅस काढण्याचे प्रयोग केले होते. आणि मुंबईकरांना सहसा ठाऊक नसलेली गोष्ट अशी, की एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्यातून निघणाऱ्या वायूवर दिवे लावले गेले होते.

ड्रमचा गुण म्हणजे गॅसचा दाब सारखा राहतो आणि शिल्लक किती ते डोळ्यांना दिसतं. दोष म्हणजे लोखंड. आमच्या खाऱ्या हवेत दरवर्षी खरवडून रंग दिला नाही, तर ड्रमला चाळण व्हायला वेळ लागत नाही. म्हणून 1978 मध्ये जमिनीखालच्या पक्क्या घुमटाची ‘जनता’ टाकी आली आणि 1984 मध्ये तिच्याहून स्वस्त ‘दीनबंधू’. दीनबंधूत हलणारा भागच नाही. गॅस घुमटाखाली साठतो आणि काल्याला बाहेरच्या कुंडीत ढकलतो. शेगडी उघडली की काला परत येतो आणि गॅसला नळीत रेटतो. एवढं साधं. पण सगळी भिस्त गवंड्याच्या हातावर. घुमटाच्या गिलाव्यात केसाएवढी चीर राहिली की गॅस तिथूनच जातो, आणि तो नुसता वाया जात नाही. हवेत सुटलेला मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पट उष्णता धरून ठेवतो. गळका गोबर गॅस नसलेल्या गोबर गॅसपेक्षा वाईट.

या टाकीची कोकणातली गोष्ट सांगायची तर कणकवलीला थांबावंच लागतं. अप्पासाहेब पटवर्धन, लोकांचे ‘कोकण गांधी’, तत्त्वज्ञान शिकलेला माणूस. 1932 मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम करू देण्याची मागणी केली आणि ती नाकारली गेली म्हणून अन्न सोडलं. येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनी त्यांच्या बाजूने उपवास धरला. ज्या कामामुळे माणसाला अस्पृश्य ठरवलं जातं, ते काम आपण हातात घेतल्याशिवाय अस्पृश्यता जाणार नाही, ही अप्पांची धारणा. 1948 मध्ये त्यांनी कणकवलीजवळ गोपुरी आश्रम काढला आणि तिथे संडास, सोनखत, मेलेल्या जनावरांचं कातडं, शेण यांवर वर्षानुवर्षं प्रयोग केले. मैला डोक्यावरून वाहून नेणारा माणूसच लागू नये, मैला जागीच कुजावा आणि त्यातून खत मिळावं, यासाठी ती खटपट होती. गोबर गॅसला जातीच्या प्रश्नाशी जोडून पाहणारं हे घर आपल्या जिल्ह्यात उभं राहिलं, याचा मला अभिमान वाटतो.

अप्पांचा हा धागा देहूत डॉ. सुहास मापुसकरांनी उचलला. 1960 च्या सुमारास ते देहूच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तुकोबांच्या गावात तेव्हा संडास जवळजवळ नव्हतेच. पोटाच्या आजारांवर औषधं देत बसण्यापेक्षा आजार जिथून येतो तिथे काम करावं, असं ठरवून हा डॉक्टर घरोघर संडास बांधायला लागला. पुढे 1980 च्या सुमारास त्यांनी ‘मलप्रभा’ नावाची टाकी केली. संडासाचा मैला थेट तिच्यात, वर गॅस, खाली खत. अशा गॅसवर शिजलेलं खायला मन तयार होत नाही, ही अडचण त्यांनाही आली असणारच. पण ज्योतीला वास नसतो आणि पेटलेल्या गॅसला कुळी नसते, हे गावाला पाहून पटलं. त्यांनी देहूत उभ्या केलेल्या संस्थेला नाव दिलं अप्पा पटवर्धन सफाई व पर्यावरण तंत्रनिकेतन. 2015 मध्ये डॉक्टर गेले. 2017 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

पुण्यात डॉ. आनंद कर्व्यांनी वेगळीच बाजू पाहिली. शेण म्हणजे गुरांनी अन्नातलं सत्त्व काढून घेतल्यावर उरलेला चोथा. मग सूक्ष्मजीवांना चोथा कशाला, थेट पिठूळ आणि गोड अन्न का देऊ नये? त्यांच्या आरती या संस्थेने प्लास्टिकच्या दोन टाक्या एकमेकींत बसवून खरकट्यावर चालणारा घरगुती गॅस केला आणि 2006 मध्ये त्याला ब्रिटनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. 40 किलो शेणाचं काम 2 किलो पिठूळ खरकटं करतं, आणि तेही एकदोन दिवसांत, असा संस्थेचा अनुभव. गुरं नसलेल्या घरासाठी हा मार्ग खुला झाला. मात्र लग्नाचं उरलेलं सगळं जेवण एकदम ओतलं तर टाकी आंबते. मग काही दिवस खरकटं बंद ठेवून थोडं शेण घालायचं, म्हणजे ती ताळ्यावर येते. आपलं पोट बिघडल्यावर आपण मऊ भात खातो, तसंच.

केंद्राचा राष्ट्रीय कार्यक्रम 1981-82 मध्ये सुरू झाला. तेव्हापासून देशात सुमारे 50 लाख घरगुती टाक्या बांधल्या गेल्या आणि त्यात महाराष्ट्र सर्वांत पुढे राहिला. आकडा मोठा आहे. पण तो बांधलेल्या टाक्यांचा आहे, पेटणाऱ्या शेगड्यांचा नाही. माझी खरी तक्रार इथे आहे.

आमचा ड्रम गंजल्यावर घरात घुमटाची टाकी बांधली. अनुदान मिळालं, फोटो निघाला, बांधणारे गेले. दोन महिन्यांत शेगडी मंदावली. वडिलांनी कार्यालयात खेपा घातल्या, तिथे सांगितलं गेलं की टाकी पूर्ण झाल्याची नोंद आहे. दीड वर्षानंतर गावातल्याच एका म्हाताऱ्या गवंड्याने साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधले. गळती घुमटात नव्हतीच, नळी जिथे घुमटातून बाहेर येते त्या सांध्यात होती. अर्ध्या दिवसाचं काम. त्या दीड वर्षात आई पुन्हा चुलीपाशी बसली होती आणि गावात आमच्या टाकीकडे बोट दाखवून लोक सांगत होते, ‘गोबर गॅस चालत नाही.’ किती गावांत किती टाक्या अशाच एका सांध्यापायी मेल्या असतील!

सगळा दोष गळतीचाही नाही. नांगर ट्रॅक्टरने गेला, गोठे रिकामे झाले, मुलं मुंबईला गेली. साठीच्या बाईने रोज 50 किलो शेण कालवायचं कसं? 2016 नंतर उज्ज्वला योजनेतून सिलिंडर घरोघर आला, ते चांगलंच झालं. पण ज्या घरात आजही चार-पाच जनावरं दावणीला आहेत, तिथे सिलिंडर भरायला पैसे मोजायचे आणि शेण उकिरड्यावर उन्हात वाळू द्यायचं, हे मला बघवत नाही. आमच्या छपरावर आता सौर पॅनेल आहे, विहिरीचा पंप त्याच्यावर चालतो आणि तो उत्तम चालतो. तरी रात्रीचा भात त्याच्यावर शिजत नाही. टाकीतला गॅस मात्र सूर्य मावळल्यावरही जागेवर असतो.

आणि स्लरी! गॅस ही तर वरची साय. टाकीतून बाहेर पडणाऱ्या काल्यात शेणातलं नत्र जवळपास सगळं शिल्लक असतं, वास उरत नाही, माश्या घोंगावत नाहीत, तणाचं बी बरंचसं मेलेलं असतं. काकी ती पाटाच्या पाण्याबरोबर माडांना सोडायची. आता साखर कारखान्यांच्या मळीपासून गाड्यांसाठी दाबलेला गॅस करण्याचे मोठे प्रकल्प येत आहेत, त्यांचंही स्वागत आहे. पण गावच्या परसाला त्यांची वाट बघण्याची गरज नाही.

शासनाने नव्या टाक्यांबरोबर जुन्यांची दुरुस्ती मोजावी, आणि प्रत्येक तालुक्यात साबणाचं पाणी घेऊन फिरणारा एक जाणता गवंडी पगारावर ठेवावा, एवढीच मागणी आहे. वाचकांपैकी कुणाच्या परसात बंद टाकी असेल, गोठ्यात गुरं असतील, तर ती बुजवू नका. आधी नळीचे सांधे तपासा, सखल जागेचं पाणी काढा, शेजारच्या चालू टाकीतला बादलीभर काला मागून आणा. टाकी उपसायची वेळ आली तर मात्र कुणालाही आत उतरू देऊ नका. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीत विषारी वायू राहतो आणि त्याने क्षणात माणूस पडतो, त्याला काढायला गेलेलाही पडतो. जवळ विडी-काडी नको. झाकणं दिवसचे दिवस उघडी टाका, बाहेरूनच लांब दांड्याने काला काढा, आणि आतलं काम असेल तर जाणकार माणूस हवेची खात्री करून घेईपर्यंत थांबा.